लॅपटॉप झोपून उठला की मोडेम गायब: लिनक्सवर यूएसबी मोडेम रोज का हरवतो आणि कायमचा कसा लावायचा

लक्षण असं असतं. यूएसबी मोडेम लिनक्सवर लावला, थोडी खटपट केली, नेट सुरू झालं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला तर नेट नाही. मोडेम काढून पुन्हा लावला की कधी चालतो, कधी चालत नाही. मग कुणीतरी सांगतं की ड्रायव्हर पुन्हा टाका. कुणी सांगतं दुसरं डिस्ट्रो (लिनक्सचा दुसरा प्रकार) घ्या. सगळं पुन्हा टाकल्यावर एक दिवस चालतं आणि तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

हे दुखणं मी बऱ्याच मशीनवर पाहिलं आहे. त्यात "लिनक्सला हा मोडेम चालत नाही" असं क्वचितच असतं. मोडेम लावल्यापासून पान उघडेपर्यंत पाच-सहा टप्पे असतात आणि त्यातला एकच कुठला तरी टप्पा दर वेळी निसटतो. तो कोणता ते शोधायचं आणि तेवढाच दुरुस्त करायचा. बाकीच्याला हात लावायचा नाही.

एक सूचना आधीच. इथे कमांड, फाइलींची नावं आणि यूएसबीचे आकडे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा. मोठं अक्षर लागेल तिथे मी तसं लिहिलं आहे. कमांडपुढचं "सुडो" म्हणजे ती प्रशासकाच्या अधिकाराने चालवणं.

मोडेम स्वतःला सीडी का म्हणवतो

बरेच यूएसबी मोडेम लावल्याबरोबर स्वतःची ओळख मोडेम म्हणून देतच नाहीत. ते सांगतात, "मी सीडी ड्राइव्ह आहे." कारण साधं आहे. विंडोजवर वेगळी सीडी न देता ड्रायव्हर टाकता यावा म्हणून कंपन्या तो मोडेमच्या आतच ठेवतात आणि मोडेम पहिल्यांदा त्या सीडीच्या रूपात उभा राहतो. विंडोजमध्ये ड्रायव्हर बसला की तो मोडेमला एक संदेश पाठवतो. मोडेम यूएसबीवरून क्षणभर सुटतो आणि नव्या ओळखीने, मोडेम म्हणून, परत येतो. या सोयीला झिरोसीडी म्हणतात.

लिनक्सवर तो संदेश पाठवायचं काम यूएसबी-मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्राम करतो. योसुआ डीत्से यांनी तो लिहिला. त्याच्यासोबत एक डेटा पॅकेज येतं. कोणत्या मोडेमला कोणता संदेश पाठवायचा याची यादी त्यात असते. बहुतेक डिस्ट्रोंमध्ये दोन्ही पॅकेज मिळतात, पण प्रत्येक इन्स्टॉलमध्ये ती आधीपासून असतीलच असं नाही. आधी ते बघा.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी की बदललेलं रूप मोडेमला आठवत नाही. वीज गेली आणि परत आली की तो पुन्हा सीडीच. लॅपटॉप झोपवला आणि त्याने यूएसबी पोर्टची वीज तोडली, तर उठल्यावर मोडेम नव्याने सीडी होऊन समोर येतो. काल केलेलं स्विचिंग आज मोजलं जात नाही, ते प्रत्येक वेळी नव्याने व्हावं लागतं. रोजच्या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं, किंवा याच्या लगेच पुढच्या टप्प्यावर.

त्या दिवशी काय दिसलं

पुढचा टप्पा किती फसवा असतो ते माझ्या धाकट्या बहिणीच्या लॅपटॉपवर कळलं. तिच्याकडे जुना ३जी मोडेम होता आणि नेट जोडायला ती डब्ल्यूव्हीडायल वापरत होती. रात्री झाकण मिटायची, सकाळी उघडायची आणि मला हाक मारायची, "ताई, परत गेलं गं नेट." मी दोनदा सगळी पॅकेज काढून पुन्हा टाकली होती. त्यासाठी मशीन दर वेळी रीबूट केलं आणि दर वेळी नेट सुरू झालं. मला वाटलं, पॅकेजमुळेच झालं. चालवलं होतं ते रीबूटने.

तिसऱ्या वेळी मी काहीच टाकलं नाही. मिटलेल्या लॅपटॉपजवळ बसले आणि उघडल्याबरोबर "सुडो डीमेसेज -डब्ल्यू" चालवलं. ही कमांड (अक्षरं डी-एम-ई-एस-जी) कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश जसे येतील तसे दाखवत राहते. वरचे संदेश सांगत होते की उठताना जुनं यूएसबी उपकरण सुटलं, नवं सापडलं आणि त्याला सीडी ड्राइव्ह म्हणून घेतलं. दोन-तीन सेकंदांनी ते पुन्हा सुटलं, पुन्हा आलं, आणि शेवटी ओळ आली की जीएसएम मोडेम आता टीटीवाययूएसबी३ (यातलं यूएसबी मोठ्या लिपीत) या पोर्टला जोडला आहे.

म्हणजे स्विचिंग नीट झालं होतं. मोडेम जागा होता. पण डब्ल्यूव्हीडायलच्या फाइलमध्ये लिहिलं होतं टीटीवाययूएसबी०.

शून्याचा तीन का झाला? आदल्या रात्रीचा पीपीपीडी (डब्ल्यूव्हीडायल ज्याच्यामार्फत नेट जोडतं तो प्रोग्राम) अजून जिवंत होता आणि त्याने जुना पोर्ट उघडा धरून ठेवला होता. मोडेम निघून गेला तरी कुणीतरी पोर्ट धरून बसलं असेल, तर कर्नल तो क्रमांक मोकळा करत नाही. नव्याने आलेल्या मोडेमला पुढचा मोकळा क्रमांक मिळतो. बहिणीचा मोडेम तीन पोर्ट उघडायचा, शून्य ते दोन. म्हणून जुने तिन्ही पोर्ट अडलेले असले की तीनपासून सुरुवात, एकच अडलेला असला की एकापासून. रीबूटने जुना पीपीपीडी मरायचा, क्रमांक परत शून्यावर यायचा आणि मी पॅकेजना श्रेय द्यायचे.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. फाइलमध्ये क्रमांकाऐवजी /डेव्ह/सीरियल/बाय-आयडी या फोल्डरमधला पत्ता दिला. तिथे मोडेमच्या नावाने आणि पोर्टच्या जागेनुसार दुवे तयार होतात आणि क्रमांक बदलला तरी दुवा योग्य पोर्टकडेच जातो. दुसरं म्हणजे, झोपण्याआधी पीपीपीडी बंद करण्याची सोय केली. पोर्ट कुणी धरून ठेवला आहे हे पाहायचं असेल तर "सुडो फ्यूजर -व्ही" आणि पुढे पोर्टचा पत्ता द्या, ती प्रक्रिया नावानिशी समोर येते.

पहिला प्रश्न: आत्ता कोणता चेहरा समोर आहे

आता तुमच्या मशीनकडे वळू. मोडेम लावा, अर्धा मिनिट थांबा आणि "एलएसयूएसबी" चालवा. अर्धा मिनिट खरंच थांबा. मोडेम सुरू होणं, सीडी दिसणं, सुटणं आणि परत येणं याला वेळ लागतो. घाईने पाहिलं तर मधलाच चेहरा दिसतो.

यादीत प्रत्येक उपकरणाला दोन भागांचा आकडा असतो. पहिला भाग कंपनीचा, दुसरा उपकरणाच्या त्या वेळच्या रूपाचा. हुआवेचा पहिला भाग १२डी१, झेडटीईचा १९डी२. हुआवेच्या अनेक जुन्या मोडेमांमध्ये दुसरा भाग १४४६ दिसला तर ते सीडीचं रूप. स्विच झाल्यावर तिथे १००१, १४३६, १५०६ असं काहीतरी दिसतं. झेडटीईच्या बऱ्याच मोडेमांमध्ये २००० म्हणजे सीडी आणि ००३१ म्हणजे मोडेम.

इथे एक फसगत होते. आकड्यापुढे लिहिलेल्या नावावर विसंबू नका. १४४६ च्या पुढे नावात "मोडेम" असा शब्द दिसतो आणि प्रत्यक्षात तो सीडीच्या रूपात अडकलेला असतो. नाव एका यादीतून येतं, ते मोडेमची आत्ताची अवस्था सांगत नाही. खरी अवस्था बघायची तर "एलएसयूएसबी -टी" चालवा. झाडासारखी रचना येते आणि प्रत्येक फांदीपुढे ड्रायव्हरचं नाव असतं. तिथे यूएसबी-स्टोरेज एकटंच असेल तर मोडेम अजून सीडी आहे. ऑप्शन, क्यूएमआय-डब्ल्यूवॅन, सीडीसी-एमबीआयएम किंवा सीडीसी-एसीएम यांपैकी काही असेल तर तो मोडेम झाला आहे. सोबत एखादं यूएसबी-स्टोरेज उरलेलं दिसलं तरी काळजी नको. मोडेममध्ये मेमरी कार्डची खाच असली की ते राहतंच.

सीडीतच अडकला असेल तर

आधी सर्वांत सोपा उपाय करा: "सुडो इजेक्ट /डेव्ह/एसआर०". मशीनला खरी सीडी ड्राइव्ह असेल तर मोडेमची एसआर१ असू शकते. सीडी बाहेर काढा हा संदेशच बऱ्याच मोडेमांना "आता मोडेम हो" असा कळतो. फाइल मॅनेजरने ती सीडी आपणहून उघडून ठेवली असेल तर आधी अनमाउंट करा.

त्याने झालं नाही तर यूएसबी-मोडस्विच हाताने चालवा. हुआवेच्या १४४६ साठी कमांड अशी: "सुडो यूएसबी_मोडस्विच -व्ही १२डी१ -पी १४४६ -जे". शेवटचा जे मोठ्या लिपीत. हाताने चालवल्यावर स्विच होत असेल आणि आपणहून होत नसेल, तर संदेश बरोबर आहे पण तो वेळेवर पाठवला जात नाही. मग यूडेव्हच्या (उपकरण लावल्यावर आपोआप काय करायचं ते ठरवणाऱ्या यंत्रणेच्या) नियमांकडे आणि लॉगकडे बघायचं. /इटीसी/यूएसबी_मोडस्विच.कॉन्फ या फाइलमध्ये एनेबललॉगिंग या ओळीपुढे १ लिहा, मोडेम काढून पुन्हा लावा आणि /व्हार/लॉग मध्ये यूएसबी_मोडस्विच नावाने सुरू होणारी फाइल वाचा. त्याच कॉन्फ फाइलमध्ये डिसेबलस्विचिंग अशीही एक ओळ असते. तिच्यापुढे १ असेल तर काहीच होणार नाही. कधीकाळी कुणी प्रयोग म्हणून तो आकडा बदललेला असतो आणि मग विसरलेला असतो.

हे सगळं रोज करायचं नसेल तर मोडेमलाच सांगता येतं की सीडी व्हायचं सोडून दे. मला हा उपाय सर्वांत आवडतो, कारण मग मशीन बदललं, डिस्ट्रो बदललं, लॅपटॉप दहा वेळा झोपला, तरी मोडेम पहिल्यापासून मोडेमच असतो. त्यासाठी मोडेमशी थेट बोलावं लागतं. एकदा स्विच झाल्यावर पिकोकॉम किंवा मिनिकॉम या प्रोग्रामने पोर्ट उघडा आणि "एटी" टाइप करून एंटर दाबा. "ओके" उत्तर आलं तर बोलणं सुरू झालं. उत्तर नाही आलं तर पुढचा पोर्ट उघडा, कारण मोडेमच्या तीन-चार पोर्टांपैकी एखाद-दोनच एटी भाषा बोलतात. बाकीचे तपासणीसाठी असतात.

हुआवेच्या जुन्या मोडेमांसाठी कमांड आहे "एटी^यू२डायग=०". यानंतर सीडी कायमची बंद होते. तोच मोडेम पुढे विंडोजवर लावायचा असेल आणि आतला ड्रायव्हर हवा असेल तर "एटी^यू२डायग=१" ने सीडी परत येते. झेडटीईच्या अनेक मोडेमांसाठी "एटी+झेडसीडीरन=८" सीडी बंद करतं आणि शेवटी ८ ऐवजी ९ दिलं की चालू करतं. एटीने सुरू होणाऱ्या सगळ्या कमांड मोठ्या अक्षरांत टाइप करा. दुसऱ्या कंपनीच्या मोडेमवर या कमांड चालवू नका. आणि मोडेम दुसऱ्याचा असेल तर आधी विचारा, तुम्ही त्याच्या आत कायमचा बदल करत आहात.

मोडेम झाला, पण पोर्टच नाहीत

आकडा बदलला, पण टीटीवाययूएसबी कुठेच नाही आणि झाडात ड्रायव्हरची जागा रिकामी. याचा अर्थ कर्नलमधल्या ऑप्शन ड्रायव्हरच्या यादीत हा आकडा नाही. नवा मोडेम आणि जुना कर्नल असं जोडपं असेल तर हे होतं. कर्नल अद्ययावत करणं हा खरा उपाय. तोपर्यंत ड्रायव्हरला आकडा हाताने सांगता येतो: आधी "मॉडप्रोब ऑप्शन", मग /सिस/बस/यूएसबी-सीरियल/ड्रायव्हर्स/ऑप्शन१/न्यू_आयडी या फाइलमध्ये कंपनीचा आणि मोडेमचा आकडा मध्ये जागा सोडून लिहायचा. इको आणि बाणाने लिहिताना पुढे सुडो लावलं तरी परवानगी नाकारली जाते, कारण बाणाचं काम सुडोच्या बाहेर होतं. रूट शेलमध्ये जाऊन लिहा किंवा टी (अक्षरं टी-ई-ई) ही कमांड वापरा.

असा लिहिलेला आकडा रीबूटनंतर पुसला जातो. "काल चालत होतं, आज नाही" या तक्रारीचं हेही एक नेहमीचं कारण आहे. कुणीतरी एकदा हाताने लिहून दिलेलं असतं आणि ते टिकत नाही हे सांगायचं राहिलेलं असतं. टिकवायचं असेल तर हीच दोन कामं करणारा यूडेव्ह नियम लिहून ठेवा.

पोर्ट आहेत पण "परवानगी नाही" असं येत असेल तर तुमचं खातं डायलआउट गटात टाका आणि लॉगआउट करून परत या. आर्चसारख्या डिस्ट्रोमध्ये या गटाचं नाव यूयूसीपी असतं.

एक पोर्ट, दोन मालक

मोडेममॅनेजर (मोडेम आपणहून ओळखून सांभाळणारी सेवा) आणि डब्ल्यूव्हीडायल एकत्र चालवू नका. मोडेम आला की मोडेममॅनेजर त्याचे पोर्ट चाचपून बघतो. त्याच वेळी डब्ल्यूव्हीडायल तोच पोर्ट उघडायला गेलं की "उपकरण व्यस्त" असं उत्तर येतं, किंवा एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हाती पडून अर्धवट कचरा दिसतो. हातात पिकोकॉम असतानाही हेच होतं. एटी कमांड द्यायच्या असतील तेवढ्या वेळापुरतं "सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप मोडेममॅनेजर" करा. सेवेच्या नावातले दोन एम मोठ्या लिपीत.

आज नव्याने लावणाऱ्याला मी डब्ल्यूव्हीडायल सुचवणार नाही. ते जुन्या, फक्त सीरियल पोर्टवर चालणाऱ्या मोडेमांसाठी ठीक होतं. ४जी मोडेम पीपीपीने चालवले तरी वेग मारला जातो, आणि क्यूएमआय किंवा एमबीआयएम या नव्या भाषा बोलणाऱ्या मोडेमांना मोडेममॅनेजर आणि नेटवर्कमॅनेजर (नेटच्या जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) ही जोडी चांगली सांभाळते. "एमएमसीएलआय -एल" म्हटलं, एल मोठ्या लिपीत, की सापडलेले मोडेम दिसतात. "एमएमसीएलआय -एम ०" म्हटलं की सिम, रेंज, नोंदणी, सगळं एका पानावर येतं.

पण इथेही क्रमांकाचा सापळा आहेच. मोडेम सुटून परत आला की मोडेममॅनेजरसाठी तो नवा मोडेम असतो आणि शून्याचा एक होतो. स्क्रिप्टमध्ये "-एम ०" पक्कं लिहिलेलं असेल तर लॅपटॉप झोपून उठल्यावर ती मोडते. नेटवर्कमॅनेजरमध्ये जोडणी बनवतानाही पोर्टचं नाव बांधून ठेवू नका. एनएमसीएलआय या नेटवर्कमॅनेजरच्या कमांडने जीएसएम प्रकारची जोडणी करताना आयएफनेमच्या जागी अवतरणचिन्हात फक्त तारा लिहा, म्हणजे जो मोडेम समोर असेल तो घेतला जाईल.

आणखी एक सेटिंग मला फार उशिरा सापडलं. आपणहून जोडणीचे प्रयत्न नेटवर्कमॅनेजर मुळात चारदाच करतो आणि मग काही वेळ थांबतो. रेंज कमी असलेल्या जागी हे चार प्रयत्न मोडेम टॉवर शोधत असतानाच संपतात. जोडणीच्या ऑटोकनेक्ट-रिट्राइज या सेटिंगला ० दिलं की तो प्रयत्न सोडत नाही. कुणाचं लक्ष नसलेल्या मशीनवर मोडेम असेल तर हे नक्की करा.

सिम, एपीएन आणि नोंदणी

मशीनच्या बाजूचं सगळं ठीक असेल तर आता नेटवर्ककडे बघा. हेच सिम फोनमध्ये टाकून डेटा चालतो का हे आधी तपासा. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्याने अर्धे प्रश्न मिटतात.

सिमला पिन असेल तर सांभाळा. तीनदा चुकीचा पिन गेला की सिम पीयूके (सिमचं कुलूप उघडणारा वेगळा कोड) मागतं आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं निकामी होतं. नेटवर्कमॅनेजरमध्ये जुना पिन जपून ठेवलेला असेल तर तो तुम्हाला न विचारता तोच देत राहू शकतो. मोडेमसाठीच्या सिमवरचा पिन मी फोनमध्ये टाकून काढून टाकते आणि मगच ते मोडेममध्ये घालते.

रेंज बघायची असेल तर "एटी+सीएसक्यू" विचारा. उत्तरातला पहिला आकडा ० ते ३१ च्या मध्ये असतो. ९९ म्हणजे मोजता आलं नाही. आकड्याला दोनने गुणून त्यातून ११३ वजा केले की डीबीएम मिळतात. २० आला तर उणे ७३ डीबीएम, छान आहे. आकडा दहाच्या खाली असेल तर मोडेम खिडकीजवळ न्या, सेटिंगशी झगडू नका.

नोंदणीसाठी "एटी+सीआरईजी?" आणि ४जी मोडेम असेल तर "एटी+सीईआरईजी?". उत्तरातला दुसरा आकडा वाचायचा. १ म्हणजे स्वतःच्या नेटवर्कवर नोंद झाली, ५ म्हणजे रोमिंगमध्ये झाली, २ म्हणजे शोधतो आहे, ३ म्हणजे नेटवर्कने नाकारलं. जुना ३जी मोडेम फोनमध्ये चालणाऱ्या सिमसह कायम दोनवरच अडकला असेल तर टॉवरकडे बघा. अनेक देशांत ३जी सेवा बंद झाल्या आहेत आणि जो सिग्नल हवेत नाही तो लिनक्सने कितीही केलं तरी मिळणार नाही. अशा वेळी मोडेमच बदलावा लागतो.

नोंद झाली, रेंज आहे, पण जोडणी होत नाही, तर बहुतेक वेळा एपीएन (डेटासाठी मोबाइल कंपनीने ठरवलेल्या प्रवेशद्वाराचं नाव) चुकलेला असतो. फोनमधल्या डेटा सेटिंगमध्ये जो एपीएन आहे तोच अक्षर न अक्षर घाला. तरीही नाही झालं तर जोडणीचा आयपी प्रकार बदलून बघा, आयपीव्ही४ऐवजी दोन्ही. काही नेटवर्क एकट्या आयपीव्ही४ला उत्तर देत नाहीत, तर काही जुन्या मोडेमांना दोन्ही एकदम झेपत नाहीत.

अधूनमधून तुटत असेल तर

सुरू होतं, दहा मिनिटं चालतं आणि सुटतं. अशा वेळी डीमेसेजमध्ये बघा. "यूएसबी डिसकनेक्ट" किंवा उणे ७१, उणे ११० असे त्रुटीचे आकडे दिसत असतील तर वीज किंवा केबलवर संशय घ्या. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपियर देतो आणि मोडेम सगळ्यात जास्त वीज खातो तो डेटा पाठवताना, त्यातही रेंज कमी असली तर आणखी. म्हणून मोडेम रिकामा असताना ठीक दिसतो आणि डाउनलोड सुरू केलं की पडतो. लांब एक्स्टेंशन केबल काढा. छोट्या बोर्डवर किंवा बिनविजेच्या हबवर लावला असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या.

डिसकनेक्ट न दिसता फक्त थोडा वेळ वापर नसला की नेट थिजत असेल, तर वीज वाचवणाऱ्या प्रोग्रामकडे बघा. कर्नल आपणहून अशा उपकरणांना सहसा झोपवत नाही. टीएलपी किंवा पॉवरटॉप ते सेटिंग बदलतात. /सिस/बस/यूएसबी/डिव्हाइसेस मध्ये मोडेमच्या फोल्डरातली पॉवर/कंट्रोल फाइल वाचा. त्यात "ऑटो" असेल तर "ऑन" लिहा. टीएलपी वापरत असाल तर त्याच्या फाइलमध्ये यूएसबी_एक्सक्लूड_डब्ल्यूवॅन या ओळीपुढे १ द्या म्हणजे बदल टिकेल.

ज्यांच्या मोडेमला पोर्टच नसतात

काही ४जी मोडेम आतमध्ये छोटे राउटरच असतात. हुआवे त्याला हायलिंक म्हणते. हे मशीनला मोडेम म्हणून दिसतच नाहीत, नेटवर्क कार्ड म्हणून दिसतात. टीटीवाययूएसबी नाही, मोडेममॅनेजरमध्येही काही नाही, आणि माणूस तासन्‌तास पोर्ट शोधत बसतो. कितीतरी जण चांगला चालणारा मोडेम बिघडला समजून ठेवून देतात, म्हणून हे ठळकपणे सांगते: "आयपी ए" चालवा. ईएनएक्स ने सुरू होणारं नवं कार्ड दिसलं आणि त्याला १९२.१६८.८ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल, तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ उघडा. एपीएन, पिन, रेंज सगळं तिथल्या पानावर असतं. नेट जोडायचं काम मोडेम स्वतःच करतो, तुमच्या मशीनने फक्त पत्ता घ्यायचा.

यात एक विचित्र प्रकार आहे. ई३३७२एच या हायलिंक मोडेमच्या कितीतरी नगांना एकच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) असतो. एका मशीनला असे दोन लावले की कार्डांची नावं आणि पत्ते एकमेकांवर आदळतात. एकाला हाताने दुसरा मॅक पत्ता द्या आणि त्याच्या पानावर जाऊन त्याचा आयपी पट्टाही बदला.

तरीही अडलं तर

मदत मागताना "चालत नाही" एवढंच लिहू नका. मोडेम लावण्याआधी आणि लावल्यावर अर्ध्या मिनिटाने एलएसयूएसबीचं उत्तर, "एलएसयूएसबी -टी" चं झाड, डीमेसेजच्या शेवटच्या पन्नास ओळी, कर्नलची आवृत्ती आणि एमएमसीएलआयचं पान द्या. सोबत हेही लिहा की रीबूटनंतर चालतो, की काढून लावल्यावर, की कशानेच नाही. एवढ्यावरून कोणता टप्पा निसटतो आहे ते दूर बसलेला माणूसही सांगू शकतो. एमएमसीएलआयच्या पानावर आयएमईआय (मोडेमचा ओळख क्रमांक) आणि बहुतेक वेळा तुमचा फोन नंबरही असतो. ते आकडे पाठवण्याआधी खोडा.

बहिणीच्या लॅपटॉपवर बाय-आयडीचा पत्ता घातल्यापासून झाकण मिटून उघडलं की आठ-दहा सेकंदांत मोडेमचा दिवा स्थिर होतो. नंतर तिने ४जी मोडेम घेतला, तेव्हा एलएसयूएसबीमधला आकडा तिने स्वतःच वाचला आणि मला फोनवर सांगितला.